मोल आणि निष्ठा
(नभोवाणीवरील भाषण)

‘निष्ठा’ हा शब्द आपल्या भाषेत मोठ्या मानाचा आहे. गुरुनिष्ठा, स्वामिनिष्ठा, देशनिष्ठा, तत्त्वनिष्ठा अशी त्याची थोर कुळी आहे. गेल्या काही वर्षांत ह्या कुळीत आणखी एका निष्ठेची भर पडली आहे. तिला आपण संघनिष्ठा म्हणू. ज्याने मुंबईचा समुद्र कधी पाहिला नाही असा बालाघाटचा मुलगा निळा सदरा अंगात घालून ‘आमची मुंबई जिंकली’ असे म्हणतो, आणि त्याच्याच बाकावर बसणारा दुसरा मुलगा चेन्नईच्या पराभवाने दिवसभर खिन्न असतो. ह्या दोघांच्या आनंदाची वा दुःखाची नोंद त्या संघांच्या दप्तरी कोठेही होत नाही. तरीसुद्धा त्यांच्या तोंडचा ‘आमची’ हा शब्द खोटा आहे, असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

परंतु ज्या संघाला हा मुलगा ‘आमचा’ म्हणतो, तो संघ एका मालकाच्या मालकीचा आहे. त्यातील खेळाडू लिलावात बोली लावून घेतलेले आहेत. आज ह्या संघात असलेला फलंदाज पुढील वर्षी प्रतिस्पर्ध्याच्या संघात दिसेल. मग ह्या सर्व व्यवहारात निष्ठा नावाची वस्तू आहे कोठे? खेळाडूने संघाशी, संघाने खेळाडूशी आणि ह्या दोघांनी प्रेक्षकांशी कोणते इमान राखावयाचे? आणि प्रेक्षकाने तरी कोणाशी एकनिष्ठ राहावयाचे? ह्या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करू.

ह्या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘पूर्वी खेळाडू नावासाठी खेळत, आता पैशासाठी खेळतात, निष्ठा संपली.’ तरुण मंडळी म्हणतात, ‘हा धंदा आहे, धंद्यात निष्ठा कसली शोधता?’ मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिले उत्तर इतिहासाला सोडून आहे आणि दुसरे मनुष्यस्वभावाला सोडून आहे.

प्रथम इतिहासाकडे पाहू. आपल्या ह्या भागापुरते बोलावयाचे तर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे कर्णधार कर्नल सी. के. नायडू हे नागपूरचे. त्यांचा जन्म १८९५ साली नागपुरास झाला. परंतु त्यांचे नाव आज ज्या शहराशी जोडले गेले आहे ते शहर नागपूर नव्हे, इंदूर होय. होळकर महाराजांनी त्यांस आपल्या पदरी बोलाविले, सैन्यात हुद्दा दिला आणि त्यांच्याभोवती एक बलाढ्य संघ उभा केला. त्या होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. ह्या संघातील सारेच काही इंदूरचे नव्हते. हिरालाल गायकवाड नागपूरचे होते. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. त्यांनी १९४८ साली पुण्यास महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या होत्या, आणि तेच पुढे होळकर संघाकडून खेळले. १९४५ साली रणजीच्या अंतिम सामन्यात होळकर संघाकडून नाबाद २४९ धावा काढणारे डेनिस कॉम्प्टन तर इंग्लंडचे. युद्धामुळे ते त्या वेळी महूच्या छावणीत होते.

विजय हजारे ह्यांचे उदाहरणही असेच आहे. सांगलीच्या एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाचा हा मुलगा. देवासच्या महाराजांनी त्यांचे गुण ओळखून त्यांस आश्रय दिला. पुढे ते बडोद्याच्या संघाचे आधारस्तंभ झाले. १९४७ साली रणजीच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून हजारे आणि गुल महंमद ह्यांनी ५७७ धावांची भागी केली. जगातील प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील हा विक्रम २००६ सालापर्यंत अबाधित राहिला. त्या सामन्याचे चित्र डोळ्यांसमोर आणा. बडोद्यासाठी एका टोकाला सांगलीचे हजारे, दुसऱ्या टोकाला लाहोरचे गुल महंमद. आणि समोर नागपूरच्या नायडूंचा इंदूरचा संघ! गुणी खेळाडूने आश्रयदात्याच्या गावी जावे, ही चाल आजची नाही. पूर्वी आश्रयदाते राजे होते, आज उद्योगपती आहेत. तेव्हा हुद्दा मिळे, आज रोकड मिळते, एवढाच काय तो फरक.

ह्या चालीची एक चांगली बाजू आपण विसरतो. त्याच काळात मुंबईस पंचरंगी सामने होत असत. त्यांत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’ असे धर्मावरून संघ पाडलेले असत. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते ‘इतरां’कडून खेळत. १९४३ साली हिंदू संघाविरुद्ध दुसऱ्या डावात ‘इतरां’च्या एकूण ३८७ धावा झाल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. दुसऱ्या टोकाला त्यांचे बंधू विवेक हे २१ धावा काढून कितीतरी वेळ त्यांस साथ देत राहिले. तो सामना ‘इतर’ एक डाव आणि ६१ धावांनी हरले. पंचरंगी सामने १९४६ नंतर बंद झाले, आणि ते योग्यच झाले. त्या संघांतील निष्ठा जन्माने ठरत असे. ती कोणी निवडलेली नव्हती. उलट, मोलाने बांधलेल्या संघात कोणी जात विचारीत नाही, धर्म विचारीत नाही. तेथे फक्त गुण विचारला जातो. म्हणून खेळात पैसा आला की सारे भ्रष्ट झाले, असे म्हणणाऱ्यांनी ह्याही गोष्टीचा विचार करावा.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. धंद्यात निष्ठा नसते हे खरे काय? आपल्या भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीतील एखादा कामगार अधिक वेतनावर मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत गेला, तर त्यास कोणी विश्वासघातकी म्हणत नाही. शिक्षक एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातो, तेव्हा विद्यार्थ्यांना वाईट वाटते. पण ते त्याच्यावर फितुरीचा आरोप करीत नाहीत. मात्र हाच कामगार आजचे वेतन घेऊन आज काम चुकवील, किंवा हाच शिक्षक वर्गावर असताना अर्ध्या मनाने शिकवील, तर त्यास आपण बेइमान म्हणू. आपल्या भाषेत ह्यासाठी फार नेमका वाक्प्रचार आहे : खाल्ल्या मिठाला जागणे. जन्मभर एकाच घरचे मीठ खावे असे त्यात म्हटलेले नाही. ज्या घरचे मीठ आज खाल्ले, त्या घरचे काम आज मनापासून करावे, एवढेच त्यात म्हटले आहे. मोलाने काम करणाऱ्याचीही निष्ठा असते. तिला मुदत असते, पण त्या मुदतीत ती पूर्ण असावी लागते.

ह्या कसोटीला उतरणारे एक उदाहरण आपल्या अगदी शेजारचे आहे. विदर्भाचा संघ १९५७-५८ च्या हंगामात रणजी करंडकाच्या सामन्यांत प्रथम उतरला आणि पुढील साठ वर्षे त्यास विजेतेपद मिळाले नाही. २०१५ साली विदर्भाने मुंबईच्या वसीम जाफर ह्यांस व्यावसायिक खेळाडू म्हणून बोलाविले. जाफर मुंबईच्या मुशीत घडलेले. मुंबईकडून आठ वेळा त्यांनी हा करंडक जिंकलेला. २०१६-१७ च्या हंगामात दुखापतीमुळे ते विदर्भाकडून खेळू शकले नाहीत. तरीही नागपूरच्या क्रिकेट संघटनेने करारात ठरलेले त्यांचे पैसे त्यांस दिले. पुढील हंगाम आला तेव्हा जाफर ह्यांनी सांगितले की, आपण ह्या वर्षी मोबदला न घेता खेळू. त्याच हंगामात विदर्भाचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. हा सामना इंदुरास होळकर स्टेडियमवर दिल्लीविरुद्ध झाला. फैज फजल ह्यांच्या नेतृत्वाखाली, रजनीश गुरबानी ह्यांच्या लागोपाठ तीन बळींच्या पराक्रमाने विदर्भाने दिल्लीस नमविले. आणि १ जानेवारी २०१८ रोजी विजयाची धाव जाफर ह्यांच्याच बॅटीतून निघाली. पुढील हंगामात त्यांनी हजारांवर धावा काढल्या आणि विदर्भाने करंडक आपल्याकडेच राखला.

ह्या व्यवहारात मला विशेष वाटते ते हे की, येथे दोन्ही बाजूंनी कागदापेक्षा अधिक दिले. आजारी माणसाचे पैसे संघटनेने अडविले नाहीत. आणि आपण न केलेल्या कामाचे पैसे माणसाने मनातून विसरले नाहीत. करार दोघांमध्ये होताच. पण कराराच्या चार ओळींपलीकडे जे घडले, त्याला मी निष्ठा म्हणतो. जाफर नागपूरचे झाले नाहीत. ते मुंबईचेच राहिले. तरी त्या दोन वर्षांत विदर्भाचे मीठ त्यांनी ज्या रीतीने मानले, त्या रीतीने जन्माने वैदर्भीय असणाऱ्यानेही मानावे. करुण नायर ह्यांचे उदाहरणही ह्याच धर्तीचे आहे. कसोटी सामन्यात त्रिशतक काढलेल्या ह्या खेळाडूस स्वतःच्या कर्नाटक संघात जागा उरली नाही, तेव्हा २०२३ साली विदर्भाने त्यांस जवळ केले. २०२५ च्या मार्च महिन्यात विदर्भाने नागपुरास केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावातील आघाडीवर करंडक जिंकला. त्या सामन्यात नायर ह्यांनी ८६ आणि १३५ धावा काढल्या. त्यानंतर ते आपल्या कर्नाटकात परत गेले. नागपूरच्या प्रेक्षकांनी ह्यात रागावण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. पाहुणा आला, घरच्यासारखा राबला आणि आपल्या घरी परत गेला.

मग आज जे कटू प्रसंग घडतात ते का घडतात? माझे मत असे की, खेळाडू मोल घेतात म्हणून ते घडत नाहीत. संघाचे मालक प्रेक्षकांच्या निष्ठेचा व्यापार करतात, पण तिची जबाबदारी घेत नाहीत, म्हणून ते घडतात. आणि प्रेक्षकही आपला राग चुकीच्या माणसावर काढतात, म्हणून ते अधिक कटू होतात.

मुंबई इंडियन्स ह्या संघाची हकीकत आपण सर्वांनी ऐकली आहे. रोहित शर्मा २०१३ पासून ह्या संघाचे कर्णधार होते आणि त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने आयपीएलचे विजेतेपद पाच वेळा मिळविले. हार्दिक पंड्या २०१५ पासून ह्याच संघात घडले. २०२२ च्या मोठ्या लिलावापूर्वी नियम असा होता की, प्रत्येक जुन्या संघाने चारच खेळाडू राखावेत. मुंबईने जे चार राखले त्यांत हार्दिक नव्हते. अहमदाबादच्या नव्या संघाने त्यांस कर्णधार केले. पहिल्याच वर्षी त्या संघास विजेतेपद मिळाले आणि दुसऱ्या वर्षी तो अंतिम सामन्यापर्यंत गेला. २०२३ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या मालकांनी हार्दिक ह्यांस परत घेतले आणि डिसेंबरात रोहित ह्यांच्या जागी त्यांस कर्णधार केले.

पुढे जे झाले ते शोभादायक नव्हते. २०२४ च्या मार्चमध्ये अहमदाबादेत प्रेक्षकांनी हार्दिक ह्यांची हुर्यो उडविली, कारण ते त्यांस सोडून गेले होते. १ एप्रिल रोजी वानखेडे स्टेडियमवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली, कारण ते परत आले होते! नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकर ह्यांस प्रेक्षकांना नीट वागण्यास सांगावे लागले. ज्यांच्या नावाने हा सारा रोष चालला होता, ते रोहित शर्मा सीमेजवळ क्षेत्ररक्षण करीत असताना हाताने खूण करून लोकांना थांबवीत होते. मुंबईचा संघ त्या वर्षी दहा संघांत शेवटचा आला.

ह्या प्रसंगाचा नीट विचार करा. हार्दिक ह्यांस आधी सोडले कोणी? मालकांनी. परत आणले कोणी? मालकांनी. रोहित ह्यांचे कर्णधारपद काढले कोणी? तेही मालकांनीच. परंतु मालक काचेच्या दालनात बसलेले. मैदानात उभा होता तो खेळाडू. म्हणून शिव्यांचा धनी तो झाला. न्यायाच्या दृष्टीने ही मोठीच गफलत होय. ज्याच्या हाती निर्णय नव्हता त्यास शिक्षा, आणि ज्याने निर्णय घेतला त्यास तिकिटाचे पैसे!

आणि जनमानस तरी किती चंचल पाहा. त्याच वर्षी २९ जून रोजी बार्बाडोस येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक हार्दिक पंड्या ह्यांनी टाकले आणि भारताने दक्षिण आफ्रिकेस ७ धावांनी हरविले. ४ जुलै रोजी मुंबईत विजयाची मिरवणूक निघाली. त्याच वानखेडे स्टेडियमवर, तीन महिन्यांपूर्वी जेथे हुर्यो उडाली होती तेथेच, हजारो कंठांतून हार्दिक ह्यांच्या नावाचा जयघोष झाला. तो जयघोष ऐकून आनंद झालाच. परंतु मनात असेही आले की, आपली निष्ठा जर केवळ शेवटच्या निकालावर झुलत असेल, तर ती खेळाडूच्या निष्ठेहून अधिक टिकाऊ आहे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

संघाच्या मालकांनी गावाशी कसे वागू नये, ह्याचे उदाहरण पुण्याने पाहिले आहे. २०११ साली पुण्यास वॉरियर्स नावाचा संघ मिळाला. तीन हंगामांनंतर मालकांचा आणि क्रिकेट मंडळाचा पैशांवरून वाद झाला आणि २०१३ साली तो संघ नाहीसा झाला. पुढे चेन्नई आणि राजस्थान ह्या संघांवर दोन वर्षांची बंदी आली, तेव्हा रिकाम्या जागी २०१६ साली पुण्यास दुसरा संघ मिळाला, सुपरजायंट्स. २०१७ च्या अंतिम सामन्यात तो मुंबईशी अवघ्या एका धावेने हरला. आणि बंदीची मुदत संपताच तोही विसर्जित झाला. त्याच मालकांनी २०२१ साली लखनौचा संघ विकत घेतला आणि त्यास पुन्हा सुपरजायंट्स हेच नाव दिले. नाव उचलून दुसऱ्या गावी नेता येते. पण ज्या पुणेकर मुलाने त्या नावाचा सदरा शिवला किंवा विकत घेतला, त्याचे काय? त्याला कोणी काही विचारले नाही आणि कोणी काही सांगितलेही नाही.

इंग्लंडमध्ये असाच प्रसंग आला तेव्हा लोकांनी निराळा मार्ग धरला. लंडनच्या विंबल्डन भागातील फुटबॉल संघास सुमारे ९० किलोमीटर दूर, मिल्टन कीन्स ह्या नव्या शहरी नेण्याची परवानगी २००२ साली मिळाली. विंबल्डनच्या चाहत्यांनी खेळाडूंना शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी त्याच वर्षी आपापसांत मिळून स्वतःचा नवा संघ स्थापन केला, अगदी खालच्या श्रेणीपासून सुरुवात केली आणि २०११ साली तो संघ इंग्लंडच्या मुख्य व्यावसायिक साखळीत नेऊन पोहोचविला. मालकाने जे नेले ते नाव आणि परवाना होता. जी निष्ठा होती ती चाहत्यांच्याच हाती राहिली, कारण ती कधी मालकाची नव्हतीच. ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. चाहत्यांची निष्ठा मालकाच्या ताळेबंदात कोठे तरी जमेस धरलेली असते. परंतु ती त्याने विकत घेतलेली नसते, आणि म्हणून ती त्याला विकताही येत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात मेंढपाळ आणि मोलकरी ह्यांचा दृष्टांत आहे. लांडगा येताना दिसला की मोलकरी मेंढरे टाकून पळतो, कारण मेंढरे त्याची स्वतःची नसतात. खरा मेंढपाळ मात्र जिवाची पर्वा न करता उभा राहतो. हा दृष्टांत ऐकताना पुष्कळांना वाटते की, मजुरी घेणे हाच मोलकऱ्याचा दोष आहे. मला तसे वाटत नाही. कामकऱ्यास त्याची मजुरी मिळाली पाहिजे, हेही त्याच ग्रंथाचे शिकविणे आहे. मोलकऱ्याचा दोष मजुरी घेण्यात नसून संकटाच्या वेळी पळण्यात आहे. ह्या दृष्टीने पाहिले तर दुखापतीनंतर मोबदल्यावाचून खेळावयास उतरलेले जाफर हे मोलाने आलेले असूनही मेंढपाळ ठरतात, आणि वाद होताच गाव सोडून जाणारे मालक, संघ स्वतःच्या मालकीचा असूनही, मोलकरी ठरतात.

आता आपल्या बालाघाटविषयी दोन शब्द बोलतो. कारण निष्ठेचा हा प्रश्न आपल्याला इतरांहून थोडा अधिक जवळचा आहे. आपले सरकारी कागद भोपाळहून येतात आणि आपले पुष्कळसे सोयरे गोंदिया-भंडाऱ्याकडचे असतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर एकीकडे गेले आणि बालाघाट दुसरीकडे राहिले. वैनगंगा मात्र पूर्वीप्रमाणेच इकडून तिकडे वाहत राहिली. २०२४ च्या मार्चमध्ये रणजीच्या उपांत्य सामन्यात विदर्भ आणि मध्य प्रदेश नागपुरास समोरासमोर आले, तेव्हा येथील मराठी घरांत आपण कोणाच्या बाजूचे हा प्रश्न खरोखरच पडावा असा होता. मध्य प्रदेशाने पहिल्या डावात आघाडी घेतली होती. दुसऱ्या डावात यश राठोड ह्यांनी १४१ धावा काढून विदर्भास सावरले. मध्य प्रदेशास ३२१ धावा हव्या होत्या. त्यांचा डाव २५८ वर संपला आणि विदर्भाने ६२ धावांनी सामना जिंकला.

त्या दिवशी ज्याने विदर्भासाठी टाळ्या वाजविल्या तो मध्य प्रदेशाचा द्रोही झाला काय? आणि ज्याला मध्य प्रदेशाच्या पराभवाचे वाईट वाटले त्याचे मराठीपण उणे झाले काय? माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आहे. चंद्रकांत पंडित ह्यांचाच दाखला घ्या. ते मुंबईचे. १९९८-९९ साली ते मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना बंगलोरच्या मैदानावर अंतिम सामन्यात संघ कर्नाटकाकडून हरला. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी विदर्भास लागोपाठ दोन वेळा विजेतेपद मिळवून दिले. नंतर ते मध्य प्रदेशाकडे आले आणि २०२२ च्या जून महिन्यात, त्याच बंगलोरच्या मैदानावर, मध्य प्रदेशाने आपला पहिला रणजी करंडक जिंकला. आणि तोही पंडितांच्या स्वतःच्या मुंबईस हरवून! ह्या माणसाने एकामागून एक कितीतरी संघांचे मीठ खाल्ले आणि प्रत्येक वेळी त्या मिठाला तो जागला. मनाला दोन घरे असू शकतात. सीमेवर राहणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको.

निष्ठा ही एकाला दिली म्हणून दुसऱ्याचा द्वेष केलाच पाहिजे, अशी काही तिची अट नाही. आपले प्रेम ज्याच्यावर आहे त्याच्यासाठी आनंद मानावा, त्याच्या पराभवात त्याच्यापाशी थांबावे, आणि प्रतिपक्षाचा सुंदर फटका पाहून हात आपोआप टाळीसाठी उठला तर तो मागे घेऊ नये. ह्यात निष्ठेला कोठेही बाध येत नाही. माझे विद्यार्थी सदऱ्यांच्या रंगांवरून भांडतात, तेव्हा मी त्यांस भांडू नका असे सांगत नाही. कारण मधल्या सुटीत तेवढे भांडण हवेच. मी एवढेच विचारतो की, तुमचा खेळाडू उद्या दुसऱ्या रंगाचा सदरा घालून आला, तर तुम्ही त्याच्या खेळावर प्रेम करणार की सदऱ्यावर? मुले थोडा वेळ गप्प बसतात. त्यांपैकी काहीजण खेळाडू निवडतात, काही संघ निवडतात. दोन्ही निवडी प्रामाणिक आहेत. फक्त आपण काय निवडले आहे हे ज्याचे त्याला ठाऊक असावे, म्हणजे उद्या फसविले गेल्याची भावना होत नाही.

एकाच संघात सबंध कारकीर्द घालविणारे खेळाडूही असतात, आणि त्यांचे कौतुक झालेच पाहिजे. विराट कोहली २००८ पासून बंगलोरच्या संघात राहिले. त्या संघास अठराव्या हंगामात, ३ जून २०२५ रोजी, प्रथमच विजेतेपद मिळाले. कर्णधार होते आपल्या मध्य प्रदेशाचे, इंदूरचे रजत पाटीदार. खेळाडूने थांबून दाखविले, प्रेक्षकांनीही थांबून दाखविले. निष्ठेचे इतके सुंदर फळ क्वचित पाहावयास मिळते. परंतु दुसऱ्याच दिवशी सत्कारासाठी लोटलेल्या गर्दीत, स्टेडियमच्या दारांशी चेंगराचेंगरी होऊन ११ माणसे मरण पावली. ती बहुतेक तरुण होती. आपल्या आवडत्या खेळाडूंचे दुरून दर्शन घ्यावे, ह्यापलीकडे त्यांची काही अपेक्षा नव्हती. प्रेक्षकांची निष्ठा किती भोळी आणि किती मोलाची असते, आणि ती सांभाळणे ही केवढी जबाबदारी असते, हे सांगावयास ह्याहून दुःखद पुरावा नको. लोकांना या म्हणून बोलवावयाचे असेल, तर त्यांच्या येण्याजाण्याची वाट सुरक्षित ठेवणे हे बोलावणाऱ्यांचे पहिले कर्तव्य होय. लाखो लोकांच्या प्रेमावर ज्यांची तिजोरी भरते, त्यांनी त्या प्रेमाचे मीठ खाल्लेले आहे.

सारांश, ह्या व्यवहारातील तिघांची निष्ठा तीन प्रकारची आहे. खेळाडूची निष्ठा म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणे. करार असेपर्यंत अंगात असेल ते सर्व मैदानात ओतणे. त्यापलीकडे त्याने जन्मभर एकाच दारी राहावे असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. तो राहिला तर ती त्याची थोरवी. मालकांची निष्ठा म्हणजे ज्या गावाचे नाव घेऊन ते पैसा मिळवितात त्या गावाशी आणि तेथील माणसांशी सरळपणाने वागणे. ह्या बाबतीत ते सर्वांत मागे आहेत, आणि जाब विचारावयाचाच असेल तर तो त्यांस विचारावा. प्रेक्षकाची निष्ठा मात्र ह्या दोहोंहून निराळी आहे. तिच्यासाठी त्यास कोणी मोल दिलेले नाही. उलट तोच पदरचे पैसे खर्च करतो. ती त्याने दिलेली देणगी आहे. देणगीचे व्याज मागावयाचे नसते, आणि ती दिली म्हणून घेणाऱ्याचा अपमान करण्याचा हक्कही मिळत नाही.

ज्या मुलाने मुंबईचा समुद्र पाहिलेला नाही, त्याने ‘आमची मुंबई’ खुशाल म्हणावे. ते त्याचे स्वतःचे आहे, आणि ते त्याच्यापासून कोणत्याही लिलावात काढून घेता येणार नाही. फक्त ज्या दिवशी त्याचा संघ हरेल, किंवा त्याचा कर्णधार बदलेल, किंवा त्याचा लाडका फलंदाज प्रतिपक्षाकडून खेळावयास उतरेल, त्या दिवशी त्याच्या तोंडून शिवी येते की टाळी येते, ह्यावरून त्याच्या निष्ठेची परीक्षा होईल. त्या दिवशी त्याने टाळी वाजवावी, अशी एका शिक्षकाची इच्छा आहे.